पिकअप ट्रकची समपातळी व मागील भाग बसणे

अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पिकअप ट्रकचा मागचा भाग गाडी रिकामी असताना पुढच्यापेक्षा थोडा उंच असतो. हा रचनेतील दोष नसून, हौद्यात माल भरल्यावर किंवा ट्रेलर जोडल्यावर मागचे पाटे दबून गाडी जमिनीला समांतर यावी, यासाठी केलेली ती तजवीज असते. अनेक मालक देखणेपणासाठी अथवा मोठी चाके बसावीत म्हणून पुढच्या स्प्रिंगवर ठोकळे बसवून पुढचा भाग साधारणतः १ ते २.५ इंच उचलतात. त्यामुळे रिकामी गाडी समपातळीत दिसते, पण राखीव उंची संपल्याने माल भरताच ती मागून बसते.

मागचा भाग बसला की हेडलाइटचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडकडीवर यावा असा संकेत आहे. हा भार मागच्या आसाच्याही मागे पडत असल्याने तरफेप्रमाणे पुढची चाके हलकी करतो, परिणामी स्टिअरिंग हलके पडते आणि पुढच्या ब्रेकची पकड घटते, आणि खरा धोका हाच होय.

मागचा भाग बसू नये म्हणून जादा पाटा घातल्यास रिकामी गाडी आदळते. म्हणून आसावर बसवलेल्या, दाब कमीजास्त करता येणाऱ्या रबरी हवापिशव्या अधिक सोयीच्या ठरतात. मात्र त्या केवळ उंची सावरतात. पुढच्या आसाकडे भार परत नेण्याचे काम ताणदांड्यांची भारविभाजक जोडणीच करते. यांपैकी कोणत्याही साधनाने उत्पादकाने ठरवलेली भारमर्यादा वाढत नाही.