चंदन

चंदन (शास्त्रीय नाव: सँटालम आल्बम) हा सँटालेसी कुलातील, उष्ण प्रदेशात वाढणारा सदाहरित सुगंधी वृक्ष आहे. त्याच्या खोडाच्या व मुळांच्या गाभ्यातून मिळणारे बाष्पनशील तेल अत्तरे, साबण, सौंदर्यप्रसाधने व उदबत्त्या यांत वापरतात. निलगिरीचे तेल पानांपासून व लवंगेचे प्रामुख्याने कळ्यांपासून निघते, त्यामुळे ती झाडे तेल देऊनही उभी राहतात. चंदनाचे तेल मात्र झाड तोडल्यावाचून मिळत नाही. या वृक्षासंबंधीचे कायदे, त्याची चोरी आणि त्याच्या लागवडीतील जोखीम यांचे मूळ बव्हंशी याच गोष्टीत आहे.

संस्कृतात चंदनाला मलयज, गंधसार व श्रीखंड अशी नावे आहेत. यांपैकी शेवटचे नाव मराठी वाचकाला पक्वान्नाचेच वाटण्याचा संभव अधिक. रक्तचंदन (टेरोकार्पस सँटालिनस) हा शिंबावंत कुलातील निराळा वृक्ष असून त्याच्या लाल लाकडाला चंदनाचा सुवास नसतो.

वर्णन

वृक्ष लहान ते मध्यम आकाराचा असून फांद्या बारीक व काहीशा लोंबत्या असतात. पाने साधी व समोरासमोर. फुले लहान, तपकिरी-जांभळी आणि जवळजवळ गंधहीन असतात. फळ गोलसर, पिकल्यावर काळे-जांभळे होते. पक्षी ते खातात व बिया दूरवर पसरवतात. साल, पाने व बाहेरचे पांढरट रसकाष्ठ यांनाही सुवास नसतो. तो केवळ आतील पिवळसर-तपकिरी मध्यकाष्ठात असतो.

चंदन अर्धपरजीवी आहे. हिरव्या पानांमुळे ते स्वतःचे अन्न तयार करते. मात्र त्याची मुळे शेजारच्या वनस्पतींच्या मुळांना शोषकांगांनी चिकटून त्यांच्याकडून पाणी व खनिजे घेतात. म्हणून एकटे लावलेले रोप खुरटते. लागवडीत प्रारंभी तुरीसारखे अल्पायुषी आणि पुढे सुरू, करंज किंवा कडुनिंब यांसारखे दीर्घायुषी आश्रयी झाड जवळ असावे लागते.

तेल

मध्यकाष्ठ तयार होण्यास साधारणतः दहा वर्षांच्या सुमारास प्रारंभ होतो आणि त्यातील तेलाचे प्रमाण वयाबरोबर वाढत जाते. तेल मुळांत सर्वाधिक व फांद्यांत सर्वांत कमी असते. यामुळे परिपक्व झाड जमिनीलगत न कापता मुळांसकट खणून काढण्याची पद्धत रूढ झाली. लाकडाचा भुसा करून त्याचे वाफेने ऊर्ध्वपातन करतात. तेलातील घटकांचा उत्कलनबिंदू उच्च असल्यामुळे ही क्रिया मंद असते व दोन-तीन दिवस चालू शकते.

अल्फा-सँटालॉल व बीटा-सँटालॉल हे तेलाचे मुख्य घटक होत. तेलाची प्रत त्यांच्या प्रमाणावरून ठरवतात. तेल सावकाश उडते आणि आपल्याबरोबर इतर सुगंधही धरून ठेवते. कनौजच्या पारंपरिक अत्तरनिर्मितीत देगेतील फुलांची वाफ ‘भपका’ या भांड्यातील चंदन तेलात उतरवीत. तेल महाग झाल्यापासून तेथे इतर द्रवांचा वापर वाढला. कृत्रिम सुगंधी रसायनांनीही बाजाराचा मोठा भाग व्यापला आहे.

घरगुती व धार्मिक वापरात तेलापेक्षा लाकूडच अधिक येते. चंदनाचे खोड सहाणेवर पाण्याबरोबर उगाळून गंध तयार करतात. पंढरपूर येथे गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत उन्हाळ्यात विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना चंदनाची उटी लावतात. आयुर्वेदात चंदन शीत मानले आहे.

इतिहास व संरक्षण

म्हैसूरच्या टिपू सुलतानाने 1792 मध्ये चंदनाला राजवृक्ष घोषित केले व त्यावर राज्याचा एकाधिकार प्रस्थापित झाला. पहिल्या महायुद्धात लाकडाची युरोपकडे होणारी निर्यात थांबली, तेव्हा म्हैसूर संस्थानाने 1916 मध्ये स्वतःच तेल काढण्यास प्रारंभ केला. एकाधिकाराचा एक परिणाम असा झाला, की स्वतःच्या जमिनीतील झाडही आपले नसल्याने ते वाढवण्यात शेतकऱ्याला स्वारस्य उरले नाही. कर्नाटकाने 2001 मध्ये व तामिळनाडूने 2002 मध्ये कायदे बदलून जमीनधारकाला मालकी दिली. तोवर तोड, चोरी आणि ‘स्पाइक’ रोग यांनी नैसर्गिक चंदनवने विरळ केली होती. हा रोग सूक्ष्मजीवामुळे होतो व कीटकांमार्फत पसरतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीची नोंद ‘असुरक्षित’ गटात केली आहे.

महाराष्ट्रातील लागवड

महाराष्ट्रात वृक्षतोड नियमनाच्या 1964 च्या अधिनियमाच्या अनुसूचीत चंदनाचा समावेश आहे. त्यामुळे खासगी जमिनीवरील झाड तोडण्यासही परवानगी लागते, आणि लाकूड हलवण्यास वाहतूक परवाना. झाडांची सातबारा उताऱ्यावर वेळीच नोंद नसेल, तर पुढे मालकी सिद्ध करणे अवघड जाते.

कमी पाऊस चंदनाला सोसतो, साचलेले पाणी सोसत नाही. गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशनसारख्या मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण भागात म्हणूनच खोल काळ्या जमिनीपेक्षा निचऱ्याची मुरमाड जमीन त्याला अधिक मानवते. तूर तेथे नेहमीचेच पीक असल्याने पहिला आश्रयी शोधावा लागत नाही.

खरी अडचण काळाची आहे. रोपवाटिकांच्या जाहिरातींत दहा-बारा वर्षांत मोठ्या उत्पन्नाची आशा दाखवली जाते. पण त्या वयात गाभा नुकताच धरू लागलेला असतो आणि तो एकाच शेतातील झाडांतही सारखा नसतो. झाड जसजसे मौल्यवान होते, तसतशी राखणही खर्चिक होते. पुण्यासारख्या शहरात बंगल्यांच्या व संस्थांच्या आवारांतून रात्री चंदन कापून नेल्याच्या बातम्या वारंवार येतात. गाभा आहे की नाही हे पाहण्यासाठी चोर खोडाला भोक पाडतात किंवा कोवळे झाडही तोडतात. आत पांढरे लाकूडच निघाले, तर ते तेथेच टाकून जातात.