सिपना नदी : नैसर्गिक प्रवाहाचा अंदाज

सिपना ही तापीची मेळघाटातली उपनदी. सेमाडोह (ता. चिखलदरा, जि. अमरावती) तिच्याच काठी आहे. धरण, कालवा किंवा उपसा नसताना वर्षभर जसे पाणी वाहिले असते, तो नदीचा नैसर्गिक प्रवाह. मोजमाप नसेल तेथे तो पाऊस, उतार, खडक, माती आणि जंगल यांवरून ठरवावा लागतो.

पश्चिम भारतासाठी असा अंदाज बांधण्याची जुनी आणि अजूनही शिकवली जाणारी सूत्रे इंग्लिस व डिसूझा यांची. ५३ ठिकाणच्या सरितामापनावरून १९२९च्या सुमारास त्यांनी ती बसवली. घाटासाठी पावसाच्या ८५ टक्क्यांतून ३०.५ सेंमी. वजा करायचे. पठारासाठी पावसातून १७.८ सेंमी. वजा करून बाकीला पावसाने गुणायचे व २५४ने भागायचे. वर्षाला १२० सेंमी. पाऊस धरला, तर घाटाचे सूत्र ७१.५ सेंमी. येवा (नदीत वाहून येणारे पाणी) दाखवते आणि पठाराचे ४८.३ सेंमी. मेळघाट नेमका या दोहोंच्या मधला : चढउतार घाटासारखे, पाऊस मात्र सह्याद्रीच्या मानाने फार कमी. त्यामुळे कोणतेही एक सूत्र डोळे मिटून लावणे येथे धोक्याचे.

शिवाय ही सूत्रे वर्षाची बेरीज देतात. पाणी कधी येणार आणि कधी आटणार, हे त्यांतून कळत नाही. सिपनेच्या बाबतीत खरी मेख तीच आहे. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. उतारावर माती उथळ आणि खाली बेसाल्टचे थर, त्यामुळे जोराच्या सरीनंतर ओढे झपाट्याने चढतात व तसेच उतरतात. पुढे खडकाच्या भेगांतून पाझरणाऱ्या पाण्यावर नदी चालते. पाने गळेपर्यंत जंगलातला सागही जमिनीतली ओल ओढत राहतो. उन्हाळ्यात धार तुटते, पाणी डोहांपुरते उरते.

शेजारच्या मोजलेल्या नदीचा आकडा उसना घेणे ही दुसरी रीत. गाविलगड डोंगररांगेच्या दक्षिणेला शहानूर व चंद्रभागा यांवर धरणे आहेत, तेथील येव्याच्या नोंदी हाताशी येऊ शकतात. पण त्या नद्या डोंगर उतरून पूर्णेच्या खोल गाळाच्या मैदानात जातात, म्हणून तुलना धरणाच्या वरच्या डोंगरी भागापुरतीच करावी. नकाशावरच्या अंतरापेक्षा उतार व खडक जुळतात का, हे आधी पाहावे. आंतरराष्ट्रीय जलविज्ञान संघटनेने २००३ ते २०१२ हे दशक मोजमाप नसलेल्या खोऱ्यांच्या अंदाजाला वाहिले, त्यातही अशा साम्यावर बराच भर होता.

पावसाचा आकडाही तपासून घ्यावा लागतो. चिखलदरा डोंगरमाथ्यावर असल्याने तेथे पाऊस अधिक. तोच साऱ्या सिपना खोऱ्याला लावला, तर येवा कागदावर फुगतो.