भूल, धमनी आणि शरीराची धास्ती

भूल दिलेल्या रुग्णाला वेदना जाणवत नाही, पण जखमेची वर्दी शरीराला मिळतेच. छेद घेताच मज्जातंतूंतून संदेश मेंदूकडे जातात, अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात सोडतात, नाडी व रक्तदाब चढतात, साखर वाढते आणि रक्त गोठण्याकडे झुकते. धमनीच्या शस्त्रक्रियेत हे जास्त घातक ठरते, कारण ज्याच्या पायाच्या धमन्या चोंदल्या त्याच्या हृदयाच्याही बहुधा धड नसतात.

१८४६ मध्ये बोस्टनला ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हापासून रुग्ण शांत पडून राहिला की भुलीचे काम झाले, असे बराच काळ मानले गेले. क्लीव्हलँडचे शस्त्रवैद्य जॉर्ज क्राइल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याला हरकत घेतली. बेशुद्धीसोबतच छेदाच्या जागेचे मज्जातंतूही बधिर करा, असा त्यांचा आग्रह होता. जखमेच्या संदेशांनी मेंदूच्या पेशी थकून जातात, ही त्यांची उपपत्ती टिकली नाही, दिशा मात्र अचूक होती.

पुरावा १९५९ मध्ये रिचर्ड एग्डाल यांनी कुत्र्यांवरील प्रयोगातून दिला. पायाला इजा झाली की अधिवृक्क ग्रंथी जागी होई. त्याच पायाचा मज्जातंतू तोडलेला असेल, तर तिला पत्ताही लागत नसे. पुढे डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी दाखवले, की छेदाआधी एपिड्युरल, म्हणजे कण्याजवळ नळीतून बधिर करणारे औषध, दिले तर ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत कॉर्टिसॉल आणि साखर फारशी चढत नाही. पोटाच्या वरच्या भागात हा अटकाव अपुरा पडतो. फेंटॅनिल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या मोठ्या मात्रेनेही ताण दबतो, पण श्वास मंदावल्यामुळे रुग्ण बराच वेळ व्हेंटिलेटरवर ठेवावा लागतो.

पायाच्या बायपासमध्ये या विचाराची खरी कसोटी लागली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील १०० रुग्णांची पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्ण भूल घेतलेल्यांपेक्षा एपिड्युरल घेतलेल्यांत ताणाची संप्रेरके कमी चढली आणि रक्तपुरवठा पुन्हा तुटल्याने दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावे लागलेले रुग्णही कमी निघाले. हृदयविकाराच्या घटनांत मात्र फरक दिसला नाही. शिवाय या शस्त्रक्रियांत रक्त गोठू न देणारे हेपॅरिन द्यावे लागते. कण्यात रक्तस्राव होऊ नये म्हणून एपिड्युरलची नळी घालण्याची आणि काढण्याची वेळ काटेकोरपणे सांभाळावीच लागते.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मानेच्या कॅरोटिड धमनीची गोष्ट वेगळी. तिथे फक्त मान बधिर करून रुग्णाला जागे ठेवता येते. धमनीला चिमटा लावल्यावर भूलतज्ज्ञ त्याच्याशी बोलत राहतो, कधी हातात दाबल्यावर वाजणारे खेळणे देतो. बोलणे अडखळले किंवा खेळणे वाजेनासे झाले, की मेंदूला रक्त कमी पडत असल्याचे कळते. मेंदूवर लक्ष ठेवण्याची यापेक्षा साधी सोय नाही. तरीही ३,५२६ रुग्णांच्या ‘गाला’ चाचणीत, २००८ मध्ये, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण पूर्ण भूल दिलेल्यांत ४.८ टक्के, तर जागे ठेवलेल्यांत ४.५ टक्के आढळले, म्हणजे जवळपास सारखेच.