कारावासाच्या शिक्षा, एकत्रित व लागोपाठ

एकाच व्यक्तीस कारावासाच्या एकाहून अधिक शिक्षा झाल्यास त्या भोगण्याचा क्रम. सर्व शिक्षांचा काळ बरोबरच मोजला गेला तर त्या एकत्रित (समवर्ती). एक संपल्यावर दुसरी सुरू झाली तर लागोपाठ (क्रमवर्ती). ७, ५ व १ वर्ष अशा तीन शिक्षा असतील, तर एकत्रित भोगताना कैद ७ वर्षांची, लागोपाठ भोगताना १३ वर्षांची.

एकाच खटल्यातील शिक्षा : फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३१ नुसार, न्यायालयाने तसा आदेश दिला तरच शिक्षा एकत्रित चालत. निकालपत्र याबाबत गप्प असेल तर त्या आपोआप लागोपाठ ठरत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ ने गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून क्रम ठरवणे न्यायालयावर बंधनकारक केले आणि लागोपाठ शिक्षांच्या बेरजेची मर्यादा १४ वरून २० वर्षांवर नेली. शिवाय ही बेरीज, त्या न्यायालयास एका गुन्ह्यासाठी देता येणाऱ्या शिक्षेच्या दुपटीपलीकडे जाऊ शकत नाही. वर्षांची ही मर्यादा सत्र न्यायालयासही लागू पडते का, याबाबत जुन्या संहितेखालील निकालांत एकवाक्यता नाही.

एका मारहाणीत काठीचे पन्नास फटके बसले म्हणून फटक्यागणिक एक वर्ष धरून पन्नास वर्षे कैद देता येत नाही. हे उदाहरण भारतीय दंड संहितेच्या कलम ७१ खालीच दिलेले होते (आता भारतीय न्याय संहिता, कलम ९). सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सोन्याच्या तस्करीच्या एका प्रकरणात याच धाग्याने, गुन्हे एकाच व्यवहारातून घडले असतील तर शिक्षा सामान्यतः एकत्रित असाव्यात, असे म्हटले. न्यायाधीशाचा विवेकाधिकार मात्र कायम राहतो.

वेगवेगळ्या खटल्यांतील शिक्षा : येथे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४२७ नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४६७ म्हणून आले, आणि मौनाचा जुना नियमही त्याबरोबर आला. आदेश नसेल तर नवी शिक्षा आधीची संपल्यावरच सुरू होते, आणि वर सांगितलेली मर्यादा या बेरजेस लागू होत नाही. उत्तर प्रदेशातील एका कैद्यास विजेच्या साहित्याच्या चोरीच्या ९ खटल्यांत प्रत्येकी २ वर्षांची शिक्षा झाली. एकत्रित भोगण्याचा आदेश नसल्याने कारागृहाने हिशेब १८ वर्षांचा मांडला. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व शिक्षा एकत्रित केल्या. बचावाच्या वकिलाने शिक्षेवरील युक्तिवादातच हा आदेश मागून घेणे किती निकडीचे आहे, ते या प्रकरणावरून दिसते.

जन्मठेप : दोन जन्मठेपी लागोपाठ देता येत नाहीत, कारण जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य (सर्वोच्च न्यायालयाचे घटनापीठ, २०१६). मुदतीची शिक्षा आधी भोगून मग जन्मठेप सुरू करण्याचा आदेश मात्र देता येतो. उलट क्रम चालत नाही.

दंड व कच्ची कैद : दंड न भरल्यास भोगावयाची कैद इतर शिक्षांबरोबर एकत्रित चालत नाही, ती वेगळीच भोगावी लागते. महाराष्ट्रातील एका मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) खटल्यावरील अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. मोक्काखाली दंड लाखांत असतो, त्यामुळे ऐपत नसलेल्या कैद्याची सुटका यापायी वर्षानुवर्षे लांबू शकते. खटला चालू असताना कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस कलम ४६८ (पूर्वीचे ४२८) नुसार शिक्षेतून वजा होतात. एकाच वेळी दोन प्रकरणांत अटकेत असलेल्यास ही वजावट दोन्हींत मिळते, असा निर्णय महाराष्ट्र शासनाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयात २००१ मध्ये बहुमताने झाला. पुढील काही निकालांनी त्याची व्याप्ती आखडती घेतली.

अन्य देश : अमेरिकेत लागोपाठ शिक्षांची बेरीज शंभर वर्षांपलीकडेही जाते, गुंतवणूक घोटाळ्यातील दोषी बर्नार्ड मॅडॉफ यास २००९ मध्ये १५० वर्षांची कैद झाली.