बंब, गीझर आणि शेवटची आंघोळ

दिवाळीच्या पहाटेच्या अभ्यंगस्नानाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. तेल, उटणे, कारीट, नरकासुर यांची यथास्थित वर्णने प्रत्येक वर्षी कोठे ना कोठे छापली जातात. ज्या पाण्याने हे स्नान होते ते तापले कसे आणि कोणी तापवले, याचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. आमच्या बेंबळीत नवे घर बांधणारा माणूस हल्ली मला हटकून विचारतो, "गुरुजी, न्हाणीत टाकीचा गीझर बसवू की इन्स्टंट?" मास्तराला सगळे ठाऊक असते, अशी गावाची एक जुनी समजूत आहे; ती मी मोडू इच्छीत नाही. परंतु हा प्रश्न दिसतो तेवढा नवा नाही.

राजेरजवाड्यांनी तो आपापल्या परीने सोडवला होता. आमच्याच जिल्ह्यात परांड्याच्या किल्ल्यात हमामखाना आहे. ज्याच्या पदरी पाणी वाहणारे आणि जाळ लावणारे नोकर आहेत, त्याला टाकी काय नि बिनटाकी काय! सामान्य घरात मात्र चुलीवरचा हंडा होता. आमच्याकडे तुराट्या आणि गोवऱ्या हे त्याचे सरपण. हंड्यातून एक तांब्या उपसला की कोणीतरी एक तांब्या गार पाणी वरून ओतायचे. त्यामुळे पहिल्याला चटका बसे आणि शेवटच्याच्या वाट्याला कोमट पाणी येई.

बंबाने यात मोठीच सुधारणा केली. शब्द पोर्तुगीजांचा, मूळ अर्थ पाणी खेचण्याचा पंप. म्हणून आग विझवणारा तोही बंब आणि पोटात आग बाळगणारा हाही बंब. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब घडवीत आले आहेत. तांब्याचे उभे पिंप, मधोमध आरपार नळी, नळीत जळण, खाली जाळी, तिच्याखाली राख. नळीभोवती पाणी असल्यामुळे उष्णता वाया कमी जाते. खरी युक्ती निराळीच आहे. नरसाळ्यातून ओतलेले गार पाणी तळाशी जाते आणि तेवढेच तापलेले पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडते. गार पाणी जड, गरम हलके, म्हणून दोन्ही लवकर मिसळत नाहीत. आजच्या विजेच्या टाकीतही नेमके हेच चालते. खालून गार शिरते, वरून गरम निघते. ज्याने बंब पाहिला आहे, त्याला गीझर उघडून दाखवण्याची गरज नाही.

आता या 'गीझर' शब्दाची गंमत पाहा. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या रंगारी गृहस्थाने वाहते पाणी गॅसच्या ज्वाळेने जागच्या जागी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलंडातील उकळत्या झऱ्याचे नाव त्याला दिले. म्हणजे पहिला गीझर बिनटाकीचा! टाकीत पाणी साठवून ते आपोआप तापते ठेवणारे यंत्र १८८९ साली अमेरिकेत पिट्सबर्गला एडविन रुड या नॉर्वेहून आलेल्या इंजिनिअराने केले. आपण मात्र गीझर म्हटले की भिंतीवरची पांढरी टाकीच डोळ्यांपुढे आणतो. आणि खरे तर आइसलंडातला तो झराही जमिनीखाली पाणी साठवून, तापवून मगच उसळतो, तेव्हा या बाबतीत मॉनसाहेबांपेक्षा मराठी माणसाचा वापरच अधिक शुद्ध ठरतो.

मॉनच्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. बंद न्हाणीत गॅस जळू लागला की हवेतला प्राणवायू संपत जातो, ज्वाळा अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. पुढे जर्मनीत देसाऊ येथे ह्यूगो युंकर्स यांनी गॅसच्या बंबात सुधारणा केल्या; हेच युंकर्स पुढे धातूची विमाने बनवून प्रसिद्ध झाले. सुधारणा झाल्या, पण रसायनशास्त्र बदलले नाही. गॅस गीझर लावलेल्या बंद न्हाणीत माणसे दगावल्याच्या बातम्या आजही येतात. आपला बंब अंगणात किंवा पडवीत ठेवीत, त्यात शहाणपण होते. गॅस गीझर घ्यायचाच असेल तर तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. शिवाय पाण्याला पुरेसा दाब नसला तर तो पेटतच नाही. ठेंगण्या छतावर ठेवलेल्या टाकीचे पाणी त्याला चालेलच असे नाही.

विजेचा प्रश्न आमच्या भागात उशिरा उपस्थित झाला. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो; महाराष्ट्राचे वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि मग तारा हळूहळू खेड्यांपर्यंत पोहोचल्या. तारांच्या मागून बादलीत सोडायचा रॉड आला. गरिबाचा गीझर तोच, आणि चालू असताना पाण्यात बोट घालून पाहण्याची खोड असलेल्यांचा वैरीही तोच.

आता हिशेब. इन्स्टंट गीझर साधारण ३ किलोवॉटचा असतो. २० अंशांचे पाणी ४० अंशांवर न्यायचे तर तो मिनिटाला जेमतेम २ लिटर देतो. १५ लिटरची बादली भरायला सात मिनिटे लागतात. टाकीचा गीझर २ किलोवॉटचा, १५ लिटरचा धरला तर २० वरून ६० अंशांवर यायला वीस-एकवीस मिनिटे लागतात, पण त्यात विसण घातले की ४० अंशांच्या दोन बादल्या होतात. कागदावर इन्स्टंट बरा दिसतो, कारण तो पहिल्याला आणि शेवटच्याला सारखेच पाणी देतो. पण हा कागद शहरातला आहे. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून १८० वर आले की ३ किलोवॉटचा गीझर पावणेदोन-दोनचाच उरतो, आणि वीज गेली की काहीच उरत नाही. टाकीने मात्र वीज होती तेव्हा तापवलेले पाणी वीज गेल्यावरही तासन् तास धरून ठेवलेले असते. बोअरच्या कठीण पाण्याचे क्षार दोघांनाही सोडत नाहीत. वर्षातून एकदा उघडून खरवडावेच लागते.

सूर्याचा बंबही आहेच. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप यांनी १८९१ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. आमच्याकडे उन्हाची ददात नाही. ददात आहे ती पाण्याची. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखातली माणसे आम्ही. छतावरून येणाऱ्या लांब नळातले गार पाणी गरम येईपर्यंत नुसते वाहू देणे आमच्या बायकांना बघवत नाही. त्या खाली बादली लावतात आणि ते पाणी भांड्यांना वापरतात.

बायकांचा विषय निघाला तो बरा झाला. नरक चतुर्दशीला सूर्योदयापूर्वी जो नहात नाही त्याला नरक, असे सांगतात. मग पहाटे चारला उठून चूल पेटवणारी, सर्वांच्या पाठी तेलाने रगडणारी, पोरांच्या डोळ्यांतले उटणे पुसणारी जी बाई, तिची पाळी येईपर्यंत पूर्वेला तांबडे फुटलेले असे आणि हंड्यात पाणी कोमट राहिलेले असे. शास्त्राप्रमाणे नरकाचा सर्वांत मोठा धोका तिलाच! इतर दिवशी दंडक नव्हता एवढाच फरक. कोमट पाणी तेच होते.

म्हणून आता कोणी विचारले की मी उलट विचारतो, "तुमच्या घरात शेवटी आंघोळ कोण करते?" पाच माणसांच्या घराला पाऊणशे लिटर ऊन पाणी लागते, १५ लिटरच्या टाकीत ते बसत नाही, शेवटच्या तिघांना थांबावे लागते किंवा गारठावे लागते. २५ लिटरची टाकी घेतली आणि मध्ये थोडा वेळ बटण चालू ठेवले तर सर्वांना पुरते. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एकाने हा प्रश्न घरी नेला. दुसऱ्या दिवशी येऊन तो म्हणाला, "गुरुजी, पंचवीसचीच घेतोय. आणि मायनं सांगितलंय, बटण न्हाणीत नको, चुलीपाशी बसवा. मध्येच कोणी बंद केलं तर मला कळलं पाहिजे."