भाड्याचे घर, स्वतःचे सामान : भाडेकरूंसाठी घरसामानाचा विमा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि शहराच्या सखल भागांतील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर बहुतेक इमारती जागेवर उभ्या होत्या. परंतु घरांतील गाद्या, कपाटे, शीतकपाटे, दूरचित्रवाणी संच आणि मुलांची पुस्तके निकामी झाली होती. २०१५ मध्ये चेन्नई, २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण येथील पुरांतही हेच चित्र दिसले. अशा प्रसंगी भिंती घरमालकाच्या असतात, पण आत भिजलेला संसार भाडेकरूचा असतो. या संसाराला विम्याचे संरक्षण मिळू शकते, याची माहिती मात्र अनेक भाडेकरूंना नसते.

घरमालकाचा विमा पुरेसा नाही

घरमालकाने किंवा गृहनिर्माण संस्थेने इमारतीचा विमा उतरवला असेल, तर आपलेही नुकसान त्यातून भरून निघेल, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. इमारतीच्या विम्यात भिंती, छत आणि कायमस्वरूपी जोडणी यांचा समावेश होतो. घरमालकाने सामानाचाही विमा घेतला असल्यास तो त्याच्या मालकीच्या वस्तूंपुरता असतो. भाडेकरूच्या सामानाची भरपाई त्यातून मिळत नाही. त्यासाठी भाडेकरूला स्वतःच्या नावाने विमा घ्यावा लागतो.

भारत गृह रक्षा योजना

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरविम्याची प्रमाणित योजना लागू केली. आगविमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. मूळ अटी सर्व कंपन्यांकडे सारख्याच असल्याने ग्राहकाला हप्त्याची तुलना करणे सोपे जाते. न्यू इंडिया अॅशुरन्स, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या सार्वजनिक क्षेत्रातील चार कंपन्यांसह खासगी कंपन्यांकडेही ही योजना मिळते.

इमारतीचा विमा न घेता केवळ घरसामानाचा विमा घेण्याची सोय या योजनेत आहे आणि भाडेकरूच्या दृष्टीने हीच बाब महत्त्वाची आहे. इमारतीचा विमा घेणाऱ्यास त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सामानाचे संरक्षण आपोआप मिळते. भाडेकरूला ही सवलत लागू होत नसल्याने त्याने सामानाची विमा रक्कम स्वतः नमूद करावी लागते.

आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, दहशतवादी कृत्य तसेच पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे यांमुळे झालेले नुकसान योजनेत अंतर्भूत आहे. फर्निचर, विद्युत उपकरणे, स्वयंपाकाची साधने, कपडे अशा नेहमीच्या वापरातील वस्तूंना त्याचा लाभ मिळतो. दागिने, चांदीची भांडी, चित्रे व कलावस्तू यांच्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

चोरीबाबत सावधगिरी

बहुतेक भाडेकरूंना पुराइतकीच चोरीची धास्ती असते. येथे विशेष काळजी घेणे आवश्यक आहे. भारत गृह रक्षा योजनेतील चोरीचे संरक्षण मर्यादित आहे. आग किंवा पुरासारखी विमित घटना घडल्यानंतर ७ दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळे झालेली चोरीच त्यात ग्राह्य धरली जाते. एरवी घर बंद असताना झालेल्या घरफोडीसाठी निराळे संरक्षण घ्यावे लागते. ते जोड स्वरूपात किंवा घरगुती विम्याच्या एकत्रित योजनेतून मिळू शकते.

घरफोडीच्या विम्यातही कुलूप, दार किंवा खिडकी तोडल्याच्या खुणा असणे ही सर्वसाधारण अट असते. उघड्या दारातून किंवा घरातीलच व्यक्तीने केलेली चोरी अनेकदा नाकारली जाते. घर दीर्घकाळ बंद राहणार असेल, तर त्याविषयीची अटही आधीच वाचून घ्यावी.

विद्युत उपकरणांबाबतही एक मर्यादा लक्षात ठेवावी. शॉर्टसर्किट होऊन एखादे उपकरण जळाले, तर त्या उपकरणाची भरपाई आगीच्या विम्यातून मिळत नाही. मात्र त्यातून पसरलेल्या आगीत जळालेल्या इतर वस्तूंची मिळते. रोख रक्कम, कागदपत्रे आणि वाहने यांना घरसामानाच्या विम्यात स्थान नसते. प्रमाणपत्रांच्या प्रती अन्यत्र सुरक्षित ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

विमा रक्कम कशी ठरवावी

प्रत्येक खोलीतील वस्तूंची यादी करून, तीच वस्तू आज नव्याने घेतल्यास किती खर्च येईल, तो आकडा प्रत्येकीपुढे लिहावा. या आकड्यांची बेरीज म्हणजेच योग्य विमा रक्कम होय. घरमालकाने दिलेले पलंग, पंखे किंवा वातानुकूलन यंत्र या यादीत धरू नये.

हप्ता वाचवण्यासाठी कमी रक्कम दाखवणे महागात पडू शकते. अनेक विमा योजनांत ४ लाख रुपयांच्या सामानाचा विमा २ लाखांचाच असेल, तर १ लाखाच्या नुकसानीपोटी ५० हजार रुपयेच मिळतात. भारत गृह रक्षा योजनेत अशी प्रमाणशीर कपात केली जात नाही. तथापि भरपाई विमा रकमेच्या पुढे जात नाही.

एकाच सदनिकेत अनेक तरुण-तरुणी मिळून राहत असल्यास एकाच्या पॉलिसीत इतरांचे सामान आपोआप समाविष्ट होईल असे गृहीत धरू नये. प्रत्येकाने आपला विमा स्वतंत्रपणे घेणे श्रेयस्कर ठरते.

भाडेकरार आणि पत्त्यातील बदल

महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार व लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. असा करार वास्तव्याचा भक्कम पुरावा ठरतो. अन्य राज्यांतील भाडेकरूंनीही लेखी करार जवळ बाळगावा.

सामानाचे संरक्षण पॉलिसीत नोंदवलेल्या पत्त्यापुरते असते. घर बदलताना कंपनीला कळवून नव्या पत्त्याची नोंद करून न घेतल्यास हप्ता भरलेला असूनही सामान असुरक्षित राहते. करार ११ महिन्यांचा आणि विमा वर्षाचा असला तरी अडचण नाही. २०२४ मधील प्राधिकरणाच्या निर्देशांनुसार वैयक्तिक ग्राहकाला कारण न देता पॉलिसी रद्द करता येते आणि एक वर्षापर्यंतच्या पॉलिसीत दावा केलेला नसल्यास उरलेल्या मुदतीचा हप्ता परत मिळतो.

दावा आणि तक्रार

नुकसान होताच कंपनीला कळवावे. चोरी किंवा दंगल असल्यास पोलिसांत आणि आग लागल्यास अग्निशमन दलाकडे नोंद करावी. सर्वेक्षकाची पाहणी होईपर्यंत खराब झालेल्या वस्तू फेकू नयेत. आरोग्याच्या कारणास्तव त्या हलवाव्या लागल्यास आधी छायाचित्रे काढावीत. खरेदीच्या पावत्या आणि सामानाची छायाचित्रे घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा ई-मेलमध्ये जतन करावीत, कारण घरातील पावत्या सामानाबरोबरच वाहून जातात.

कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत, तर अन्य राज्यांतील रहिवाशांना आपापल्या विभागाच्या कार्यालयात जाता येते. प्राधिकरणाच्या तक्रार निवारण केंद्राचा दूरध्वनी क्रमांक १५५२५५ हा आहे.

नव्या घराच्या किल्ल्या हाती घेताना अनामत रक्कम, भाडे आणि वीजमीटरची नोंद तपासली जाते. त्याच दिवशी सामानाची यादी करून विम्याची चौकशी केल्यास घर दुसऱ्याचे असले तरी आतील संसार निराधार राहत नाही.