रक्तगट तपासणी अभिकर्मकांचे गुणवत्ता नियंत्रण

रक्तगट तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या अभिकर्मकांची विशिष्टता, प्रबलता आणि स्थैर्य ठरावीक निकषांवर पडताळून पाहण्याच्या पद्धतशीर प्रक्रियेस रक्तगट तपासणी अभिकर्मकांचे गुणवत्ता नियंत्रण असे म्हणतात. ज्या पदार्थाच्या क्रियेवरून नमुन्यातील एखादा घटक ओळखता येतो, त्यास अभिकर्मक म्हणतात. रक्तगट तपासणीत अँटी-ए, अँटी-बी व अँटी-डी ही प्रतिपिंडयुक्त द्रावणे, मानवी ग्लोब्युलिनविरोधी अभिकर्मक आणि ज्ञात गटाच्या तांबड्या रक्तपेशी हे प्रमुख अभिकर्मक होत. दुर्बल झालेला अभिकर्मक बहुधा दिसायला नेहमीसारखाच असतो. तो केवळ नकारार्थी निष्कर्ष देतो. असा निष्कर्ष खरा की अभिकर्मकाच्या दोषामुळे आलेला, हे नमुन्याकडे पाहून कळत नाही. त्यामुळे अज्ञात नमुन्यापूर्वी ज्ञात पेशींवर अभिकर्मकाची परीक्षा घेणे हे या नियंत्रणाचे मूलतत्त्व आहे.

पार्श्वभूमी

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मानवी रक्ताचे गट असल्याचे दाखवून दिले. या शोधासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अनेक दशके अभिकर्मक मानवी रक्तरसापासून, म्हणजेच सीरमपासून, बनवले जात. दात्यागणिक प्रतिपिंडांचे प्रमाण बदलत असल्याने प्रत्येक बॅचचे गुणधर्म वेगळे असत. १९७५ साली जॉर्जेस कोहलर व सेसार मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमा तंत्र विकसित केले. त्यातून एकाच पेशीच्या वंशापासून एकसारखी प्रतिपिंडे मिळवणे शक्य झाले. आज वापरात असलेले अँटी-ए व अँटी-बी अभिकर्मक प्रामुख्याने अशा मोनोक्लोनल स्वरूपाचे असतात. त्यांच्यामुळे बॅचमधील तफावत कमी झाली, तरी वाहतूक, साठवण व हाताळणी यांतून उद्भवणारे दोष टळलेले नाहीत.

चुकीच्या निष्कर्षाचे परिणाम

ए गटाच्या रक्तातील पेशींवरील ए प्रतिजन दुर्बल अँटी-ए अभिकर्मकाने ओळखला गेला नाही, तर ते रक्त ओ गटाचे ठरू शकते. असे रक्त खऱ्या ओ गटाच्या रुग्णास दिल्यास त्याच्या शरीरातील प्रतिपिंडे दात्याच्या पेशींचा नाश करतात. त्यातून मूत्रपिंडे निकामी होणे, रक्तक्लथनात बिघाड व मृत्यू ओढवू शकतो. डी प्रतिजन क्षीण असलेल्या दात्याचे रक्त डी-ऋण ठरल्यास आणि ते डी-ऋण स्त्रीस दिल्यास तिच्या शरीरात अँटी-डी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. पुढील गर्भारपणात ती डी-धन गर्भाच्या रक्तपेशींना घातक ठरतात.

तपासणीचे निकष

दृश्य परीक्षण : कुपीतील द्रावण स्वच्छ असावे, त्यात गढूळपणा, साका अथवा तरंगणारे कण नसावेत. ओळख सुलभ व्हावी म्हणून अँटी-ए निळ्या आणि अँटी-बी पिवळ्या रंगाचे असते. अँटी-डी सामान्यतः रंगहीन असते. अनेक अभिकर्मकांत परिरक्षक म्हणून सोडियम अझाइड मिसळलेले असते. गढूळपणा हे जंतुसंसर्गाचे लक्षण मानून अशी कुपी वापरातून काढली जाते.

विशिष्टता : अभिकर्मकाने केवळ अपेक्षित प्रतिजन असलेल्या पेशींचेच समूहन करावे, म्हणजे त्यांना एकमेकींना चिकटवून पुंजके बनवावेत. अँटी-ए अभिकर्मकाची परीक्षा ए१, ए२, बी आणि ओ गटांच्या पेशींवर घेतली जाते. बी व ओ पेशींचे समूहन होता कामा नये, तसेच कोणत्याही पेशी फुटता कामा नयेत.

प्रबलता : अभिकर्मक सलाइनमध्ये दरवेळी दुप्पट विरल करत परीक्षानळ्यांची मालिका तयार केली जाते. ज्या शेवटच्या नळीत समूहन दिसते, त्या विरलतेवरून टायटर ठरवतात. भारतात मोनोक्लोनल अँटी-ए अभिकर्मकासाठी ए१ पेशींवर किमान १:२५६ हे टायटर अपेक्षित धरले जाते. ए२ पेशींवरील प्रतिजन कमी असल्याने तेथे ही अपेक्षा निम्मी असते.

समूहनाचा वेग व तीव्रता : काचपट्टीवर अभिकर्मक व पेशी मिसळल्यापासून पुंजके दिसेपर्यंतचा काळ सेकंदांत मोजला जातो. तीव्रता शून्य ते ४+ या श्रेणीत नोंदवतात. सर्व पेशींचा एकच घट्ट पुंजका झाल्यास ४+, तर पेशी एकसारख्या विखुरलेल्या राहिल्यास शून्य, अशी ही श्रेणी आहे.

दैनंदिन नियंत्रण

नवी बॅच वापरात घेण्यापूर्वी तिची तुलना चालू बॅचशी केली जाते. त्याशिवाय कामाच्या प्रत्येक दिवशी प्रत्येक अभिकर्मकाची एक धन व एक ऋण नियंत्रण चाचणी घेतली जाते. धन नियंत्रणासाठी शक्यतो दुर्बल प्रतिजन असलेल्या पेशी निवडतात. अँटी-ए साठी ए२ पेशी हे त्याचे उदाहरण होय. प्रबल प्रतिजनाच्या पेशींवर निम्मी शक्ती गमावलेला अभिकर्मकही ४+ समूहन दाखवू शकतो आणि ऱ्हास झाकला जातो. निष्कर्ष, बॅच क्रमांक व वापराची अंतिम तारीख यांची नोंदवहीत नोंद ठेवली जाते. अपेक्षित निष्कर्ष न मिळाल्यास त्या अभिकर्मकाने केलेल्या तपासण्यांचे अहवाल रोखून धरले जातात.

अभिकर्मक २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले जातात. ते गोठू देणे अथवा दिवसभर बाहेर ठेवणे या दोन्ही गोष्टी हानिकारक असतात. ज्ञात गटाच्या पेशींचे आयुष्य द्रव अभिकर्मकांपेक्षा बरेच कमी असते. वरचा द्रव लालसर दिसू लागल्यास पेशी फुटत असल्याचे समजून त्या टाकून दिल्या जातात.

ग्लोब्युलिनविरोधी अभिकर्मक

रॉबिन कूम्ब्स, आर्थर मूरंट व रॉबर्ट रेस यांनी १९४५ साली वर्णन केलेल्या चाचणीत हा अभिकर्मक वापरतात. चाचणीपूर्वी पेशी सलाइनने पुरेशा धुतल्या गेल्या नाहीत, तर उरलेल्या मानवी ग्लोब्युलिनमुळे अभिकर्मक निष्प्रभ होतो आणि निष्कर्ष खोटा नकारार्थी येतो. म्हणून परीक्षानळीत केलेल्या प्रत्येक नकारार्थी चाचणीत अखेरीस प्रतिपिंडांनी आवेष्टित केलेल्या पेशी मिसळतात. समूहन झाले तर अभिकर्मक क्रियाशील होता असे सिद्ध होते. न झाल्यास ती चाचणी रद्द समजून पुन्हा केली जाते.

वनस्पतिजन्य अभिकर्मक

काही बियांमधील लेक्टिन नावाची प्रथिने विशिष्ट रक्तपेशींचे समूहन करतात. डॉलिकस बायफ्लोरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुळथाच्या (हुलग्याच्या) बियांच्या अर्कातील हा गुणधर्म जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात नोंदवला. ए१ व ए२ हे उपगट ओळखण्यासाठी तो वापरतात. मूळ अर्क संहत असल्यास ए२ पेशींचेही समूहन करतो. त्यामुळे ए१ पेशींवर ठळक आणि ए२ पेशींवर शून्य क्रिया मिळेल इतपत तो विरल करणे, हाच येथील गुणवत्ता नियंत्रणाचा गाभा ठरतो.

बॉम्बे रक्तगट आणि नियंत्रणाची मर्यादा

मुंबईतील वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये बॉम्बे रक्तगटाचे वर्णन केले. या गटाच्या पेशींवर ए, बी व एच यांपैकी एकही प्रतिजन नसतो. अँटी-ए व अँटी-बी अभिकर्मक पूर्णपणे निर्दोष असले, तरी अशी व्यक्ती त्यांच्या चाचणीत ओ गटाचीच भासते. मात्र तिच्या रक्तरसातील अँटी-एच प्रतिपिंडे ओ गटाच्या पेशींचेही समूहन करतात. त्यामुळे रक्तरसाच्या उलट चाचणीत ए व बी पेशींबरोबर ओ पेशी वापरणे आवश्यक असते. यूलेक्स युरोपियस या काटेरी झुडपाच्या बियांपासून मिळणाऱ्या अँटी-एच लेक्टिनने निदानास पुष्टी मिळते. पेशींची व रक्तरसाची चाचणी एकमेकींशी जुळल्याखेरीज रक्तगट निश्चित केला जात नाही.

भारतातील नियमन

रक्तगट तपासणीचे अभिकर्मक औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ यांच्या कक्षेत येतात. नोएडा येथील राष्ट्रीय जैविक संस्थेत त्यांच्या बॅचची तपासणी होते. प्रयोगशाळांसाठी आयएसओ १५१८९ हे आंतरराष्ट्रीय मानक असून भारतात एनएबीएल ही संस्था त्यानुसार मान्यता देते. उत्पादकाचे प्रमाणपत्र कुपी कारखान्यातून निघतानाची स्थिती सांगते. प्रवास व साठवणीनंतरच्या तिच्या स्थितीची पडताळणी करण्याची जबाबदारी वापरणाऱ्या प्रयोगशाळेवर राहते.